ताम्हिणीचा उतार आणि चाकांवरचे घर

मुळशी धरणाचे पाणी बोगद्यांतून व नळांतून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे सुमारे ५०० मीटर खाली कोसळते आणि टाटांच्या वीजगृहातील चक्रे फिरवते, हा क्रम १९२७ पासून चालू आहे. परंतु पौडावरून ताम्हिणी घाटाने माणगावकडे निघालेली प्रत्येक मोटारही जवळजवळ तितकीच उंची उतरत असते आणि त्या उंचीत साठलेल्या शक्तीची विल्हेवाट तिलाही लावावी लागते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. राज्य शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा हाच हिशेब चाकांवरच्या घरालाही लागू होतो. बिछाना, शेगडी व पाण्याची टाकी घेऊन पाच टनांचे असे बिऱ्हाड ५०० मीटर उतरले, तर जी उष्णता निर्माण होते तिने पाऊणशे लिटर पाणी उकळावे. वारा व टायर यांनी अडवलेला अंश वजा जाता, ही सारी उष्णता ब्रेकांच्या माथी मारणे हाच घाटातील मूळ अपराध होय.

कारण सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकचे अस्तर तापून त्याचे घर्षण मंदावते, ड्रम प्रसरण पावून त्यापासून दूर सरकतो, आणि ब्रेकच्या द्रवाला उकळी फुटून नळीत वाफ झाली म्हणजे पेडल निमूटपणे तळाशी जाते. डॉट-४ जातीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा असा दंडक आहे. तोच द्रव हवेतील ओलावा शोषून जुना झाला, की हा बिंदू १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. मुळशीसारख्या पावसाळी मुलखात जाणाऱ्याने तो वेळेवर बदलण्याची तजवीज केलेली बरी.

वेग आवरण्याची मुख्य जबाबदारी इंजिनाची. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात उतरावा, हा जुन्या चालकांचा दस्तूर आजही मोडण्याजोगा नाही, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकायचा असतो. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडेलच याची हमी नाही. साध्या डिझेल इंजिनाचा अडसर पेट्रोलच्या मानाने दुबळा असतो, म्हणून मोठ्या वाहनांत धूर कोंडणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. इतके करूनही वेग वाढलाच तर ब्रेक ठामपणे दाबून वेग पुरेसा उतरवावा आणि पाय पूर्ण उचलावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग तर दुहेरी फसतात: आधुनिक इंजिन गिअरात उतरताना इंधन जवळजवळ बंदच करते, न्यूट्रलमध्ये मात्र ते जाळीतच राहते.

उंच डबा वळणावर कलतो आणि अर्धी भरलेली टाकी त्यात हेलकाव्यांची भर घालते; सबब ती पूर्ण भरावी वा रिकामी करावी, आणि गॅसची तोटी निघण्यापूर्वीच बंद करावी. चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट देणे हा तर कायदाच आहे. बोरघाटाच्या रेल्वेने निसटत्या गाडीसाठी चढाकडे नेणारे खास रूळ ठेवले होते. सडकेवरच्या चालकाने तशा सोयीवर विसंबू नये. जळका वास येताच रुंद जागी थांबावे, गाडी गिअरात ठेवून चाकांना दगड लावावेत, तापल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नये व पाणी ओतू नये, आणि चाकाजवळ नेलेल्या हाताला धग लागेनाशी होईपर्यंत चहा करीत बसावे.