डबा फळीवर गेला की मन आवरतं

चिवड्याचा डबा ओट्यावर उघडा असला की येता-जाता मूठ भरली जाते. तोच डबा वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे गेला की त्याची आठवणही होत नाही. माणूस तोच, निग्रहही तोच. मग फरक कशामुळे पडतो?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल मुलांना विचारत: एक खाऊ आत्ता हवा, की थोडं थांबून दोन? खाऊ झाकलेला असला की मुलं बराच जास्त वेळ थांबत. उघड्या खाऊसमोरही दुसऱ्याच गमतीचा विचार करणारी मुलं टिकत. आपलं लक्ष बॅटरीच्या झोतासारखं असतं. तो चवीवर पडला की इच्छा वाढत जाते. बाजूला वळला की झुंजायला समोर काही उरतच नाही.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. तिथे काही मुलांना आधी चित्रकलेचं छान साहित्य कबूल केलं आणि दिलं. इतरांना कबूल करून दिलंच नाही. मग तीच खाऊची परीक्षा. शब्द पाळला गेलेल्या १४ मुलांपैकी ९ पूर्ण १५ मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्या १४ पैकी फक्त एक. दुसरा खाऊ येईलच याचा भरवसा नसेल, तर हातातला खाऊन टाकणं हा अगदी बरोबर हिशेब आहे. अशा मुलाला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे. शब्द मोडलेल्या गटातली मुलं थांबली सरासरी ३ मिनिटं. पहिल्या गटातली १२.