एका मताचे मोल : आयर्लंडच्या संसदेतील अपक्ष टोनी ग्रेगरी

संसदीय लोकशाहीत अपक्ष सदस्याकडे सामान्यतः फारसे लक्ष दिले जात नाही. पक्षाचे पाठबळ नसल्याने त्याचा आवाज क्षीण असतो. मात्र कोणत्याही पक्षाला स्पष्ट बहुमत नसेल, तर हाच एकटा सदस्य सत्तेच्या चाव्या हाती घेऊन बसतो. आयर्लंडमध्ये १९८२ साली हे घडले आणि टोनी ग्रेगरी हे नाव त्या देशाच्या राजकीय इतिहासात कायमचे नोंदले गेले.

ग्रेगरी यांचा जन्म १९४७ मध्ये डब्लिन येथे झाला. पेशाने ते शिक्षक होते. डब्लिनच्या मध्यवर्ती भागातील गरीब वस्त्यांच्या प्रश्नांवर काम करीत असताना १९७९ मध्ये ते महापालिकेवर निवडून आले. जहाजांवरील मालाची ने-आण कंटेनरमधून होऊ लागल्याने गोदीतील हजारो हातांचे काम गेले होते. पडकी घरे आणि बेकारी यांनी हा परिसर ग्रासला होता.

जानेवारी १९८२ मध्ये मुलांच्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर मूल्यवर्धित कर लावणारा अर्थसंकल्प फेटाळला गेला आणि गॅरेट फिट्झजेराल्ड यांचे सरकार कोसळले. फेब्रुवारीत झालेल्या निवडणुकीत ग्रेगरी प्रथमच ‘डॉल’ या कनिष्ठ सभागृहात पोहोचले. १६६ सदस्यांच्या या सभागृहात चार्ल्स हॉही यांच्या फिआना फॉल पक्षाला ८१ जागा मिळाल्या. बहुमतासाठी त्यांना अपक्षांकडे आणि तीन सदस्यांच्या एका डाव्या पक्षाकडे वळावे लागले.

ग्रेगरी यांनी स्वतःसाठी मंत्रिपद मागितले नाही. त्यांनी आपल्या मतदारसंघाच्या मागण्यांची यादी पुढे केली. शेकडो नवी घरे, महापालिकेत रोजगार, बंदरातील २७ एकर जमिनीचे राष्ट्रीयीकरण, बंद पडलेली कागद गिरणी सरकारने ताब्यात घेणे अशा तरतुदींचा लेखी करार तयार झाला. एका कामगार नेत्याच्या साक्षीने त्यावर सह्या झाल्या. त्याचा खर्च सुमारे १० कोटी पौंड असल्याचे सांगितले गेले. ९ मार्च १९८२ रोजी ग्रेगरी यांनी हा करार सभागृहात वाचून दाखविला. त्याच दिवशी हॉही ८६ विरुद्ध ७९ मतांनी पंतप्रधानपदी निवडून आले.

या करारावर कठोर टीका झाली. देशाची तिजोरी एका मतदारसंघासाठी उघडली जाते, तर इतर गरीब भागांनी काय करायचे, असा सवाल विचारला गेला. गाजावाजा न करता अशा तडजोडी नेहमीच होतात, ग्रेगरी यांनी त्या लेखी आणि जाहीर केल्या एवढेच, असे समर्थकांचे उत्तर होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. मात्र कराराचे आयुष्य सरकारच्या आयुष्याएवढेच होते. खर्चकपातीच्या धोरणावरून डाव्या पक्षाने पाठिंबा काढला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये ८२ विरुद्ध ८० मतांनी सरकार पराभूत झाले. अनेक तरतुदी कागदावरच राहिल्या. गोदी परिसरात पुढे आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र उभे राहिले.

तरीही मतदारांनी ग्रेगरी यांची साथ सोडली नाही. याचे एक कारण आयर्लंडच्या निवडणूक पद्धतीत आहे. तेथे एका मतदारसंघातून तीन ते पाच सदस्य निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. भारतात राज्यसभेची निवडणूक याच तत्त्वावर होते. चार जागांसाठी ५० हजार वैध मते पडली, तर विजयाचा कोटा १०,००१ मतांचा ठरतो. पहिल्या पसंतीची मते कमी पडली, तरी इतर उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंतीची मते मिळवून हा पल्ला गाठता येतो. त्यामुळे लोकांत मिसळून काम करणाऱ्या अपक्षाला पक्षाविना टिकून राहणे शक्य होते.

ग्रेगरी सलग आठ निवडणुका जिंकले. गळ्यात टाय न बांधता ते सभागृहात येत. १९८६ मध्ये रस्त्यावरील विक्रेत्यांच्या आंदोलनात त्यांनी दोन आठवड्यांचा तुरुंगवास सोसला. १९८७ मध्ये हॉही यांच्या निवडीवर ८२-८२ अशी समसमान मते पडली. त्या वेळी ग्रेगरी तटस्थ राहिले आणि सभापतींच्या निर्णायक मताने हॉही पंतप्रधान झाले. हेरॉईनने वस्त्या पोखरल्या जात असताना अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याची मागणी त्यांनी लावून धरली. त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा १९९६ मध्ये स्थापन झाली.

२ जानेवारी २००९ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी ग्रेगरी यांचे निधन झाले. त्याच वर्षी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या सहकारी मॉरीन ओ'सलिव्हन अपक्ष म्हणून विजयी झाल्या आणि २०२० पर्यंत सदस्य राहिल्या. १९९७ ते २००२ या काळात बर्टी अहर्न यांचे अल्पमतातील सरकार अपक्षांच्या आधारावर चालले. २०१६ मध्ये अपक्षांना थेट मंत्रिमंडळात स्थान मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये मिहॉल मार्टिन यांची निवडही अपक्षांच्या पाठिंब्याने झाली. अशा प्रत्येक वेळी, अपक्षाने पाठिंब्याच्या बदल्यात काय मागितले आणि ते मतदारांपुढे उघडपणे मांडले की नाही, ही चर्चा १९८२ च्या कराराच्या संदर्भाने नव्याने होते.