फ्लॉपींत राहिलेला कुलवृत्तान्त

लोणावळ्याच्या पावसाळ्याशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना बुरशीचें वर्णन करून सांगावयास नको. वर्षाकाठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गांवीं आषाढ लागला कीं चामड्याच्या चपला हिरव्या होतात आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी लव धरते. गेल्या श्रावणांत तेथील आमच्या एका आप्तांच्या घरीं माळा उतरवितांना पत्र्याचा एक डबा सांपडला. त्यांत चौदा फ्लॉप्या होत्या: सहा सव्वापांच इंची, मऊ पाकिटांतल्या, व आठ साडेतीन इंची, टणक कवचाच्या. प्रत्येकीवर दिवंगत नानांच्या वळणदार अक्षरांत चिठ्ठी होती: ‘कुलवृत्तान्त, शाखा पहिली’, ‘शाखा दुसरी’, ‘शाखा तिसरी’.

नानांनीं निवृत्तीनंतर हें काम हातीं घेतलें होतें. इंदूर, बडोदें, नागपूर येथील भाऊबंदांनीं पाठविलेलीं पत्रें त्यांनीं संगणकावर उतरून काढलीं, आणि माहिती आतां यंत्रांत सुरक्षित झाली या समजुतीनें तीं सारीं पत्रें बंबांत घातलीं! पुस्तक छापावयाचें राहून गेलें. माई आम्हांस म्हणाल्या, “अरे, यांच्या आजोबांच्या चौघी बहिणींचीं सासरचीं नांवें त्या डब्यांत आहेत. मला आतां एकीचेंच आठवतें.” आमच्याजवळ दोन्ही मापांचे ड्राइव्ह असलेला एक जुना संगणक अद्यापि शिल्लक आहे, म्हणून हें काम आमच्याकडे आलें.

फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली प्लास्टिकची पातळ चकती. मजकूर तिच्यावर एकांत एक अशा वर्तुळांतून उमटतो. सव्वापांच इंची जुन्या फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूस चाळीस वर्तुळें असत व तींत एकूण ३,६८,६४० चिन्हें मावत. १९८४ सालीं आयबीएमच्या नव्या यंत्राबरोबर अधिक क्षमतेचा ड्राइव्ह आला. त्यानें वर्तुळें ऐशी केलीं आणि धारणा १२,२८,८०० चिन्हांवर नेली. १९८७ पासून रूढ झालेल्या साडेतीन इंची फ्लॉपींत १४,७४,५६० चिन्हें राहूं लागलीं. म्हणजे छापील सातशे पानांचा ग्रंथ खिशांत. ही वाढ केवळ ड्राइव्हच्या करामतीनें झाली नाहीं. चकतीवरील लेपही निराळा करावा लागला. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यांतील जादा भोंक हीच त्या लेपाची खूण. आमच्या लोकांनीं काटकसर म्हणून स्वस्त फ्लॉपीला स्वतःच तसें भोंक पाडण्याची युक्ति काढली होती. ड्राइव्ह फसत असे. लेप मात्र फसत नसे, आणि कांहीं महिन्यांनीं मजकूर गळूं लागे. नानांच्या आठांपैकीं दोहोंवरचीं भोंकें हातानें पाडलेलीं दिसलीं!

आतां आमच्या हातून झालेला प्रमाद सांगितलाच पाहिजे. उतावळेपणानें आम्हीं ‘शाखा तिसरी’ ही अधिक क्षमतेची सव्वापांच इंची फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्यें घातली. पाटीवर नख ओढावें तसा आवाज झाला. बाहेर काढून पाहतों तों चकतीच्या कडेशीं लेप खरवडून गेलेला, आणि वाचणाऱ्या शीर्षावर बुरशीचा चिकटा. पुढची फ्लॉपी घातली असती तर तीही गेली असती. उजेडांत धरून पांढरट डाग पाहणें, डाग दिसल्यास पाकीट एका कडेनें कापून चकती बाहेर काढणें, ती हलक्या हातानें धुऊन पूर्ण सुकविणें व स्वच्छ पाकिटांत घालणें, आणि प्रत्येक खेपेस शीर्ष स्पिरिटनें पुसणें, हें आम्हीं मग केलें. आधीं करावयास हवें होतें. वाचण्यापूर्वीं सव्वापांच इंची फ्लॉपीच्या कडेची खांच चिकटपट्टीनें झांकावी, म्हणजे ड्राइव्ह तिच्यावर कांहीं लिहूं शकत नाहीं. साडेतीन इंचीचें उलट: तिची खिडकी उघडी ठेवावयाची.

‘शाखा दुसरी’नें निराळेंच कोडें घातलें. ती चाळीस वर्तुळांची असूनही चाळीस वर्तुळांच्या ड्राइव्हवर चुका दाखवी. कारण असें कीं, नानांनीं पहिला मजकूर जुन्या यंत्रावर लिहिला व दुरुस्त्या नव्यावर केल्या. नव्या ड्राइव्हचें शीर्ष अरुंद. रुंद रेघेच्या मधोमध त्यानें बारीक रेघ ओढली, आणि दोहों कडांना जुनें लेखन तसेंच राहिलें. जुन्या ड्राइव्हचें रुंद शीर्ष दोन्ही एकदम वाचूं जाई. तीच फ्लॉपी नव्या ड्राइव्हवर लावतांच सरळ वाचली गेली.

मजकूर इस्की या संकेतांत होता, जो १९९१ सालीं भारतीय मानक झाला. आजच्या युनिकोडांतील देवनागरीची मांडणी त्याच्याच आधींच्या आवृत्तीवरून घेतलेली असल्यामुळें रूपांतरास एक संध्याकाळ पुरली. (येथून जवळच कार्ल्याच्या चैत्यगृहांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचें नांव दोन हजार वर्षें याच पावसाशेजारीं राहिलें आहे, त्यास ड्राइव्ह लागत नाहीं.)

खरवडलेल्या ‘शाखा तिसरी’चें काय झालें? कडेच्या पहिल्या वर्तुळांत फ्लॉपीची अनुक्रमणिका असते. गेली ती अनुक्रमणिका. आंतील मजकूर आम्हीं एकेक तुकडा करून वाचला व पानें फाटलेल्या पोथीसारखा जुळविला. चौघींपैकीं तिघींचीं सासरचीं नांवें मिळालीं. चौथीचें जेथें असावयाचें तेथें बुरशीनें एक भोंवरा काढला आहे. माईंना जें एक नांव आठवत होतें तें त्या तिघींतलेंच निघालें.

ती चकती आम्हीं परत दिलेली नाहीं. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, ती आमच्याकडेच आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली कीं तीच जागा आणखी एकदां वाचून पाहणार आहोंत. तोंवर माईंनीं पनवेलच्या एका भाचीला पत्र टाकलें आहे; ‘तिकडेच कोठें दिली होती’ इतकें त्यांना आतां आठवूं लागलें आहे.