गादीतली हवा जाते कुठे?

फुगवायच्या वस्तू आता घरोघरी झाल्या आहेत. मुलांचा पाण्यात खेळायचा टब, प्रवासातली मानेची उशी, पाहुणे आले की अंथरायची गादी. यांतली हवा गेली तर फार तर एखाद्या पाहुण्याची पाठ धरते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालच्या हवेच्या गादीचे तसे नाही. तिथले टाचणीच्या टोकाएवढे भोकही रुग्णाच्या कातडीला भोवते.

आमच्या घरी दादी पक्षाघातानंतर दोन वर्षे अशा गादीवर होत्या. त्यांची वाचा गेली होती. आणि वाचा असलेली म्हातारी माणसेही कुठे सांगतात! विचारले की ‘बरी आहे बेटा’ म्हणून मोकळी होतात. म्हणून गादीची तक्रार गादीलाच विचारावी लागते.

आधी ही गादी चालते कशी ते पाहू. फुगे-फुगे असलेल्या या गादीत हवेचे दोन वेगळे मार्ग असतात. पंपाच्या दोन नळ्या त्यांना जोडलेल्या. साधारण दहा मिनिटे एका मार्गाच्या ओळी ताठ राहतात, मग त्या सैल पडून दुसऱ्या मार्गाच्या ताठ होतात. त्यामुळे माकडहाड, खुबा, टाचा यांवर सलग एकाच जागी दाब राहत नाही. आता समजा, एका मार्गात बारीक गळती आहे. चांगल्या ओळी ताठ असतात तोवर सारे ठीक दिसते. त्या सैल पडल्या की भार गळक्या ओळींवर येतो आणि शरीर खाली खाटेला टेकते. पंप अखंड हवा भरत असतो, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला गादी फुगलेलीच दिसते. गळती झाकली जाते ती अशी.

ती ओळखायची सोपी खूण हाताशीच आहे. रुग्ण गादीवर असताना कमरेच्या खाली, गादी आणि खाट यांच्या मध्ये, तळहात वर करून हात सरकवा. हात आणि रुग्णाचे अंग यांच्यामध्ये इंचभर तरी हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड हाताला लागले तर गादी असून नसल्यासारखी. हे दोन्ही ओळींच्या पाळीत पाहावे, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा.

हवा कमी वाटली म्हणजे भोकच आहे असे मात्र नाही. पहिला संशय नळ्यांवर घ्यावा. खाटेच्या कडेला नळी दुमडलेली असते, किंवा जोडापाशी सैल झालेली असते. नळ्या काढून पंपाच्या तोंडांवर बोट धरा. दोन्हींतून पाळीपाळीने हवा आली पाहिजे. वीज गेल्यावर कित्येक गाद्यांतली हवा पंपाच्या वाटेनेच परत जाते. ती गळती नव्हे. भारनियमनाच्या गावात नळ्या दुमडून दोरीने बांधून ठेवल्या की बराच वेळ निभावतो. थंडीचाही हिशेब धरा. रात्री पारा ३० अंशांवरून २० वर आला तर बंद हवा सुमारे ३ टक्के आकसते. पाहुण्यांची गादी इशाच्या वेळी ताठ आणि फजरला मऊ, याचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे म्हणजे नवे प्लास्टिक पहिल्या काही दिवसांत ताणते. काही महागड्या गाद्यांना रुग्णाची कातडी कोरडी राहावी म्हणून मुद्दाम बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती बुजवू नका.

एवढे पाहूनही हवा जात असेल तर शोध घ्यायचा. रुग्णाला कापसाच्या गादीवर घ्या, आणि तोवर दर दोन तासांनी कूस बदलणे चुकवू नका. पंपाने एक मार्ग पूर्ण ताठ झाला की त्याची नळी लगेच दुमडून बांधा, मग दुसऱ्याची. पंपाचा प्लग काढा आणि तासाभराने हात फिरवा. ज्या ओळी मऊ पडल्या त्यांतच भोक आहे. अर्धी गादी शोधातून वगळली गेली. हे सोडून थेट सगळीकडे साबण फासणारे लोक संध्याकाळपर्यंत फासत बसतात.

मग पंखा बंद करून, घर शांत करून, ओला गाल ओळींजवळून न्या. ओल्या कातडीला बारीकशी झुळूकही गार लागते. त्यानंतर भांडी घासायचे लिक्विड पाण्यात कालवून स्पंजने लावा. मोठ्या भोकावर बुडबुडा चटकन फुगतो. बारीक भोकावर बुडबुडा येत नाही, मिनिटभराने पांढरा फेस साचतो. तो पाहायला धीर लागतो, आणि तो आपल्यापेक्षा मुलांना जास्त असतो. आमच्या घरी हे काम सातवीतल्या मुलीकडे असे. नळीचा जोड, कडेची शिवण, फुगा जिथे चिकटवलेला असतो ती कड, या जागा आधी पाहाव्यात. खालची बाजू विसरू नये. दादींच्या गादीचे भोक पायथ्याला खालून होते. लोखंडी खाटेच्या पत्र्याचा कंगोरा वर आला होता. तो कानसीने घासला आणि त्यावर जाड सतरंजी घातली. सेफ्टी पिन आणि बांगडीचा तुकडा हेही नेहमीचे गुन्हेगार. घरात मांजर असेल तर तिच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

उदबत्तीच्या धुराने भोक शोधायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये. प्लास्टिक वितळते, आणि खोलीत ऑक्सिजनचे सिलिंडर असेल तर ते सरळ संकट आहे.

सापडलेल्या जागेभोवती जरा लांबून पेनाने गोल करा. फेस पुसला की भोक पुन्हा दिसत नाही. सायकलच्या दुकानातले सोल्युशन रबरी ट्यूबसाठी असते, पीव्हीसीवर ते नीट धरत नाही. पीव्हीसीचे ठिगळ आणि त्याचाच डिंक घ्या. हवा पूर्ण काढून, साबण धुऊन, जागा कोरडी करा. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठे आणि कोपरे गोल कापलेले असावे, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. पाहुण्यांच्या मखमली गादीवर आधी लव खरवडून काढावी लागते. वर जाड पुस्तके ठेवून डिंकाच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ पुरता जाऊ द्या. शिवणच उसवली असेल तर ठिगळावर भरवसा ठेवू नये. पंप चांगला असेल तर बहुधा नुसती गादी वेगळी विकत मिळते.

दुरुस्त गादीवर रुग्णाला लगेच निजवू नका. ती फुगवून, नळ्या बांधून, वर तांदळाची पोती ठेवून एक रात्र पाहा. आणि कूस बदलताना रोज पाठ, खुबे, टाचा उजेडात पाहत चला. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. ती जागा हाताला गरम किंवा कडक लागते. तसे लागले तर त्या जागेवरचा भार त्याच क्षणी काढा आणि डॉक्टरांना दाखवा. गादीचे भोक नंतर शोधता येईल.