पेपरांचा गठ्ठा आणि गुरुजींची तब्येत

परीक्षा संपल्या की माझ्या दवाखान्यात शिक्षक-शिक्षिकांची गर्दी वाढते. कुणाची मान आखडलेली, कुणाचे डोके दुखते, कुणाच्या छातीत जळजळ. कारण विचारावे तर उत्तर एकच : "डॉक्टर, पेपरांचा गठ्ठा संपत नाही."

गठ्ठा पाहून धास्ती वाटते, काम पुढे ढकलले जाते आणि मग शेवटच्या रात्री जागरण व चहावर चहा! समजा, १० दिवसांत २०० पेपर तपासायचे आहेत. म्हणजे रोज २०. सकाळी १०, संध्याकाळी १०. तशा जुड्या आधीच बांधून ठेवाव्यात. दर ५ पेपरांनंतर उठावे, मान-खांदे सैल करावेत, खिडकीतून लांबवर पाहावे. गुणांची बेरीज रात्री थकल्या डोळ्यांनी करू नये. तिथली चूक एखाद्या मुलाला महागात पडते.

रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी गोळी व जेवणाची वेळ पाळावी. छातीवर दाब, दरदरून घाम, डाव्या हातात कळ असे झाल्यास पित्त समजून सोडा पिऊ नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

रोजच्या दोन जुड्या संपल्या की लाल पेन खिशात ठेवावे आणि वेळेवर झोपावे.