तलंगांना लावा दांडीची सवय

परसात कोंबड्या पाळणाऱ्या मैत्रिणींची एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘पिल्लं मोठी झाली, खुराडं ऐसपैस केलं, आत दांड्याही ठोकल्या. पण एक जण वर चढेल तर शपथ! सगळी कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून झोपतात. सकाळी बघावं, तर खालची एक-दोन गुदमरून गेलेली.’ अंड्यांचे पैसे हातात यायच्या आधीच असं नुकसान झालं, की जीव हळहळतो.

खरं तर उंचावर झोपणं हा कोंबडीचा मूळ स्वभाव. आपल्या कोंबडीची पूर्वज म्हणजे रानकोंबडी. ती दिवसभर जमिनीवर चरते आणि तिन्हीसांजेला झाडावर चढून बसते. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. त्यामुळे मुंगूस, मांजर, साप यांच्यापासून जमिनीवर तिचा निभाव लागणं कठीण. मग आपली पिल्लं खाली का झोपतात? कारण त्यांना शिकवायला आई नसते! खुडूक कोंबडीनं एकवीस दिवस बसून काढलेली पिल्लं आधी तिच्या पंखाखाली झोपतात आणि पुढे तिच्यामागून दांडीवर चढतात. उबवणी केंद्रातून आणलेल्या वनराज, गिरिराजच्या पिल्लांची आई म्हणजे बल्ब. बल्ब बंद झाला, की ऊब शोधत ती एकमेकांना चिकटतात. मध्येच लाइट गेली तर गोंधळ आणखीच वाढतो.

तेव्हा ही शिकवण आपणच द्यायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, मग दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत जायची. तिसऱ्या आठवड्यात जमिनीपासून चार-पाच इंचांवर एक लाकडी रीप ठेवून द्या. पिल्लं दिवसा खेळता खेळता तिच्यावर उड्या मारतील आणि पायाला पकडीची सवय होईल. पिसं भरली, दिव्याची गरज संपली, की दांडी हळूहळू वर न्या. अंगानं जड जातींना दीड-दोन फूट उंची पुरे, नाहीतर खाली उडी मारताना पाय दुखावतात. हलक्या गावठी कोंबड्या तीन-चार फुटांवरही आरामात बसतात. वर चढायला मध्ये एखादी शिडी तिरपी लावून द्यावी.

दांडी कशी असावी? दोन इंच रुंद लाकडी रीप, वरच्या कडा सुताराकडून गोल करून घेतलेली. कोंबडी पायावर बसून पोटानं पंजे झाकते, म्हणून बऱ्यापैकी रुंद दांडी तिला बरी पडते. अगदी बारीक काठीवर सारा भार येऊन छातीचं हाड वाकतं. गुळगुळीत बांबू किंवा लोखंडी पाइप टाळा, पाय सटकतात. एका मोठ्या कोंबडीला आठ इंच जागा धरा. २५ तलंगा आणि ३ कोंबडे असतील, तर पाच-पाच फुटांच्या चार दांड्या लागतील. दोन दांड्यांत फूटभर अंतर हवं. शक्यतो सगळ्या एकाच उंचीवर बसवाव्यात. एक वर, एक खाली असेल तर वरच्या जागेसाठी भांडणं ठरलेली!

आता मुख्य काम संध्याकाळचं. दिवस मावळताना मूठभर धान्य टाकून, रोजची हाक मारून तलंगांना आत घ्या. पूर्ण अंधार पडला, की कोपऱ्यात बसलेल्या एकेकीला दोन्ही हातांनी अलगद उचला आणि दांडीवर ठेवा. पंजांनी दांडी धरेपर्यंत हात काढू नका. अंधारात दिसत नसल्यानं ती सहसा पुन्हा खाली उतरत नाही. असं आठ-दहा दिवस नेमानं केलं, की बहुतेक जणी आपणहून चढू लागतात. चार धीट निघाल्या, की बाकीच्या त्यांचं बघून शिकतात. ज्या कोपऱ्यात ढीग होतो, तिथे विटा रचून किंवा पुठ्ठा वाकवून कोपरा गोल करून टाका.

या कामाचा आणखी एक फायदा आहे. रोज हातात घेतल्यावर कुणाचं वजन घटलं, कुणाची अन्नाची पिशवी रिकामी आहे, हे लगेच कळतं. सगळ्या वर गेल्या आणि एकटी रोज खालीच पिसं फुगवून बसली, तर ती आजारी असू शकते. तिला वेगळी ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

अंड्यांच्या खोक्यांपेक्षा दांडी उंच असायला हवी, हे मात्र विसरू नका. खोकं उंच असेल तर तलंगा त्यातच झोपतात, तिथेच घाण करतात आणि पुढे अंडी बरबटतात. अशा अंड्यांना गिऱ्हाईक नाक मुरडतं. खाली झोपणाऱ्या कोंबड्या ओल्या तुसात, विष्ठेतच बसतात. त्यातून रक्ती हगवणीसारखे आजार पसरतात. दांडीखाली साचलेलं खत मात्र ओढून गोळा करता येतं. ते चांगलं कुजवून परसबागेला घाला, ताजं घातलं तर रोपं जळतात.

हे लक्षात ठेवा

- नव्या खुराड्यात आणल्यावर तीन-चार दिवस तलंगा आतच ठेवा, म्हणजे घर ओळखीचं होतं.
- दांडीच्या भेगांत लाल किडे दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. भेगा बुजवा, दांड्या अधूनमधून काढून कडक उन्हात ठेवा.
- खुराड्याला वारा खेळता हवा, पण झोपेत अंगावर थेट झोत नको.
- दार संध्याकाळी न विसरता लावा. जाळीला मुंगसाचं तोंड जाईल एवढीही फट नको.
- कोंबड्या दांडीवर झोपू लागल्या, तरी मानमोडीची लस ठरल्या वेळी द्यायलाच हवी.