नखं खाणारी पोर

बचत गटाच्या बैठकीला पाड्यावरची एक आजी नातीला घेऊन आली. पोरीचं बोट सुजून टम्म. नखुरडं! "मारलं बाई, मिरचीसुद्धा लावली, पण नखं खायची काही थांबत नाही." विचारल्यावर कळलं, आईबाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेले, तेव्हापासूनचं हे.

मैत्रिणींनो, ही नुसती खोड नव्हे. भीती वाटली, करमेनासं झालं की हात आपोआप तोंडाकडे जातो. मारल्यानं भीती वाढते, मग नखं आणखीच कुरतडली जातात. (मिरचीचा हात डोळ्याला लागला म्हणजे?)

नखांत अडकलेली जंतांची अंडी पोटात जातात ती वेगळीच. २०१५ पासून जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चुकवू नका. पण गोळीनं सवय जात नाही. नखं बारीक कापा. हात तोंडाकडे निघाला की मूठ घट्ट मिटायला शिकवा. अझ्रिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली सुचवलेला हा उपाय बिनपैशाचा आहे.

बोटात पू झाला होता, म्हणून आधी दवाखाना गाठला. आजीला म्हटलं, रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलू दे. महिन्यानं पाहिलं तर चार नखं वाढलेली. अंगठ्याचं मात्र अजून कुरतडलेलंच.